दिनूकाकांची संध्याकाळ

"कुठची वं तू?"

दिनूकाकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी हिवरखेडची म्हणून सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले, मनाशी काहीतरी मांडलं आणि म्हणाले, "हिवरखेड. जाता येते. पण चहा पिता येत नाही."

माझ्याबरोबर बाबा होते, त्यांच्या हातात माझी बॅग आणि ज्वारीच्या पिठाचा डबा होता. देवळातली माणसं आहेत, शेतकऱ्याच्या घरचा चहा यांना चालत नसेल, असं आम्ही आपापल्या मनात समजून घेतलं. बाबा परत जाताना मला म्हणालेही की, तुला इथं राहून शिकायचं आहे, असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नाहीत. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे काय मनावर घ्यायचं आणि काय नाही, हे मला सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्या वाक्याचा खरा अर्थ कळायला महिना-दीड महिना गेला.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या बाजूला, रामाचं एक छोटं देऊळ आहे. त्याची पूजा दिनूकाकांच्या घराण्याकडे. देवळामागच्या दोन खोल्या ते कॉलेजच्या मुलींना भाड्यानं देतात. पहाटे काकडा, दुपारी नैवेद्य, तिन्हीसांजेला दिवा आणि आरती, असा त्यांचा दिवस. नैवेद्य झाला की देऊळ बंद व्हायचं आणि सांजवातीपर्यंत काका मोकळे असायचे. तेवढ्या वेळात जिथं जाऊन परत येता येईल, तेवढंच त्यांचं जग. बाळापूरला जाऊन येता यायचं, वर एखाद्याच्या घरी बसताही यायचं. हिवरखेडला बस पोचते आणि लगेच परतीची धरावी लागते, म्हणून चहा पिता येत नाही. अमरावतीला जाता येतं, पण गाडीतून उतरता येत नाही. त्यांचे थोरले भाऊ पुण्याला असतात. पुण्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "पुणे फोनवर आहे."

हे सगळं ते हसत सांगायचे. मीही हसायचे. पुढे पुढे हसू कमी येऊ लागलं.

पूर्वी तिन्ही भावांत पूजेची पाळी होती, प्रत्येकाकडे वर्षातले चार महिने. थोरले नोकरीसाठी पुण्याला गेले, धाकटे वकिलीसाठी नागपूरला. कोणी भांडलं नाही. पाहुणे निघून जातात आणि त्यांची अंथरुणं आवरायची राहतात, तशा त्यांच्या पाळ्या काकांकडे राहिल्या. वडील जाताना एवढंच बोलले होते की, दिवा आपल्या घरच्या हातानं लागला पाहिजे. आता अकोल्यात घरचा हात म्हणजे दिनूकाका आणि त्यांचा चुलतभाऊ विजय. विजयकाकांचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि देव दुकानाच्या वेळेतच का येतो, अशी त्यांची तक्रार असायची.

काका उंच होते, पण चालायचे वाकून. गाभाऱ्याचं दार फार बुटकं, दिवसातून कितीदा तरी त्यातून आत-बाहेर करावं लागे. त्यामुळे आमच्या खोलीचं दार चांगलं उंच असूनही काका त्यातून वाकूनच यायचे. भाडेकरू मुलींना ते त्यांच्या गावाच्या नावानं हाक मारायचे. माझ्या खोलीत माझ्याबरोबर अंजनगाव सुर्जीची एक मुलगी होती. "अंजनगाव, नळ आला. हिवरखेड, तुझं दूध उतू जाऊन राहिलं." मला आधी ते विचित्र वाटायचं. मग एकदा वाटलं, की ज्या गावांना त्यांना जाता येत नाही, ती त्यांनी घरातच ठेवून घेतली असतील. हे मी त्यांना कधी विचारलं नाही. कदाचित त्यांना आमची नावं लक्षात राहत नसतील, एवढंच.

दिनूकाकांना फोटोचा नाद होता. वडील अंथरुणाला खिळण्याआधी, तरुणपणी, त्यांनी गावातल्या एका स्टुडिओत काम केलं होतं. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप. नंतर ते सुटलं, पण कॅमेरा सुटला नाही. आताचा कॅमेरा जुनाच घेतलेला होता. त्याचा चामड्याचा पट्टा काढून त्यांनी सुती पट्टा लावला होता, कारण सोवळ्याच्या जागी चामडं चालत नाही. काकूंनी त्याला जाड मांजरपाटाची पिशवी शिवून दिली होती आणि ती सभामंडपातल्या खुंटीवर टांगलेली असे. एका खुंटीवर काकांचं उपरणं, दुसऱ्या खुंटीवर कॅमेरा.

फोटो कोणाचे काढायचे, तर रामाचे. गाभाऱ्यात ना खिडकी ना विजेचा दिवा. फक्त समई. त्या उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. काका गाभाऱ्याच्या बाहेर ट्रायपॉड मांडून श्वास धरून उभे राहायचे. "देव हलत नाही, हे बरं आहे," ते म्हणायचे. "माणूस हलते, म्हणून माणसाचे फोटो अंधारात काढता येत नाहीत."

पण त्यांना हवा होता तो फोटो रामाचा नव्हता. हे मला कापरामुळे कळलं. एकदा काकूंनी मला पूजेच्या कपाटातून कापराचा डबा आणायला सांगितलं. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. गर्द निळं आकाश, खाली काळी जमीन, आणि मधे एक प्रचंड मोठा फुगा, आतून पेटलेला. गरम हवेचा, माणसं घेऊन उडणारा फुगा. कोणीतरी आकाशात समई लावून वरून कापड टाकावं, तसा तो दिसत होता. पान कडेनं पिवळं पडलं होतं आणि त्याला कापराचा वास येत होता.

मी पाहून राहिले आहे हे काकांनी पाहिलं आणि त्या दिवशी ते माझ्याशी पहिल्यांदा भरपूर बोलले. उन्हात असा फुगा म्हणजे नुसतं रंगीत कापड. पूर्ण अंधारात काढला तर फुगा दिसतो, पण आकाश जातं. सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ असा असतो की आकाश निळं असतं आणि आग सोनेरी दिसते. तीही आग सतत नसते. फुगेवाला मधूनच ज्वाला सोडतो, तेवढ्यापुरता फुगा उजळतो. आधी बटण दाबलं तर काळा डोंगर येतो, नंतर दाबलं तर विझलेला डोंगर. आणि फुगा हलतो, म्हणून शटर फार वेळ उघडं ठेवता येत नाही. वारा शांत असतो तेव्हाच तो उडवतात, म्हणजे एक तर पहाटे, नाही तर तिन्हीसांजेला.

"म्हणजे काकड्याच्या वेळी, नाही तर आरतीच्या वेळी," मी म्हणाले.

"हुशार आहेस," काका म्हणाले आणि कपाटाचं दार लावलं.

त्यांना संध्याकाळ कधीच मिळाली नाही असं मात्र नाही. भावकीत कोणी वारलं की सुतक येतं, आणि सुतकात पूजा करता येत नाही. तेव्हा पलीकडच्या आळीतले एक वृद्ध गुरुजी येऊन पूजा करायचे. मी राहायला गेले त्या वर्षी नागपूरकडचे त्यांचे एक लांबचे चुलते वारले. काकांनी आंघोळ केली, आणि दिवस कलल्यावर कॅमेरा घेऊन नदीवर गेले. पाण्यातून वर येणाऱ्या म्हशींचे त्यांनी फोटो काढले. म्हशींच्या ओल्या पाठींवर आकाशाचा शेवटचा उजेड. फार सुंदर होते ते. काकू खूप चिडल्या. घरात सुतक आणि हे म्हशी काढून राहिले, लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील, असं त्या बराच वेळ बोलत होत्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला हळूच म्हणाले, "त्या माणसाले मी दोनदाच भेटलो असेन. पण त्यानं मले संध्याकाळ देली."

फुग्यासाठी त्या गुरुजींना बोलवावं, असं मी एकदा सुचवलं होतं. काकांना ते लाजिरवाणं वाटलं. मरणासाठी देव सोडता येतो, फुग्यासाठी सोडला म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. ती तशी आमच्या घरीही आहे, बऱ्याच घरी असेल. दिवा लागला की हात जोडायचे आणि डोळे मिटायचे. आमच्याकडे आजी करायची. पण काकांचं ते अंगात मुरलं होतं. आमच्या खोलीतली ट्यूब लागली तरी ते दारात थांबून हात जोडायचे. लाइट गेले आणि परत आले, तर पुन्हा हात जोडायचे. एकदा बाजारातून सायकलवर येताना त्यांना थोडा उशीर झाला आणि वाटेतच रस्त्यावरचे दिवे लागले. काकांनी चालत्या सायकलवर दोन्ही हात सोडून नमस्कार केला आणि मेथीच्या हातगाडीवर जाऊन आदळले. गाडीवाला म्हणाला, "महाराज, खांबाले नमस्कार कराचा असन तं खाली उतरून करा नं." ढोपराला हळद लावून घेताना काका स्वतःच हे सांगत होते आणि इतके हसत होते की काकूंना पट्टी बांधता येईना.

फुगा कधी ना कधी येईल म्हणून ते सरावही करत. दुपारी, देऊळ बंद असताना, धान्याच्या कोठीच्या झरोक्याला घोंगडी लावून अंधार करायचा. पतंगाच्या कागदाचा कंदील करून आत पणती ठेवायची. मी किंवा अंजनगावनं काठीला बांधून तो हलवायचा, म्हणजे फुगा वाऱ्यावर हलून राहिला असं समजायचं. एकदा मी जरा जास्तच वारा सोडला आणि कंदील पेटला. काकूंची वाळवून ठेवलेली कुरडई वाचली, पण घोंगडीला भोक पडलं. काकू दारात येऊन शांतपणे म्हणाल्या, "देवाची वात लावता लावता एक दिवस घराची लावाल." मग त्यांनीच दुसरा कंदील करायला गव्हाची खळ आणून दिली.

काकूंबद्दल मी कमी लिहिते आहे, कारण त्या कमी बोलायच्या. वाती त्या वळायच्या, चंदन त्या उगाळायच्या, नैवेद्य त्यांचा, आणि आरतीतला एखादा शब्द काका विसरले तर उंबऱ्याबाहेरून पुढचा शब्द त्या उचलायच्या. पण गाभाऱ्यात बायकांनी जायचं नाही, अशी तिथली रीत होती. सगळं येत असून त्या उंबऱ्याशी थांबायच्या.

शेवटच्या वर्षी, थंडीत, मी वलगावला मावशीकडे गेले होते. अमरावतीहून वलगावला जाताना रस्त्याच्या कडेला मोठं मैदान आहे. तिथे शेतीच्या अवजारांचं प्रदर्शन लागलं होतं. आणि त्या मैदानाच्या मधोमध, पेरणीयंत्रांच्या आणि ट्रॅक्टरच्या वर, फुगा उभा होता.

मी ऑटोतून उतरून काकांना फोन लावला. उद्याची संध्याकाळ शेवटची आहे, असं तिथल्या माणसानं सांगितलं होतं, तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "बांधलेला आहे का?"

"हो. तीन दोऱ्या आहेत. एक तर ट्रॅक्टरला आहे."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "पळून जाणार नाही." आणि फोन ठेवला.

मला वाटलं, विषय संपला. पण रात्री काकूंचा फोन आला. त्या मला फोन कधी करत नसत. विजयभाऊजी उद्या दिवा लावायला तयार झाले आहेत, नैवेद्य झाला की हे निघतील, तू स्टँडवर थांब, यांना अमरावतीत कुठे काय आहे ते माहीत नाही. मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "मीच सांगितलं जा म्हणून. ते पान कपाटात लावून ठेवलं आहे, ते रोज मलाही दिसतं."

गाडी उशिरा आली. काका धोतर न नेसता पँट घालून आले होते, त्यामुळे मी आधी ओळखलंच नाही. आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. प्रदर्शनाची कापडी कमान दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी लागली नसती. काका तिच्यातूनही वाकूनच आत गेले.

फुगा अंधारलेला उभा होता, निळ्या आकाशासमोर. काका तोंड वर करून पाहत राहिले. मग त्यांची नजर दोऱ्यांवरून खाली आली. एवढ्याशा दोऱ्यांनी हा राहतो कसा, असं त्यांनी फुगेवाल्याला विचारलं. तो हिंदी बोलणारा तरुण मुलगा होता, घाईत होता. वारा सुरू होत होता. तो म्हणाला, "अंकल, बस एक लंबी फ्लेम दूँगा. उसके बाद उतारना पड़ेगा."

काकांनी ट्रायपॉड मांडला. माणसांच्या धक्क्यानं हलू नये म्हणून त्याच्या पायांशी विटांचे तुकडे लावले. कॅमेऱ्यावरचे आकडे बघून घेतले, पुन्हा बघितले. मला आठवतं, मी मनात म्हणत होते की वारा थोडा थांबू दे. आजूबाजूला सगळ्यांनी मोबाइल वर केले. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसला होता, त्यामुळे काकांचे दोन्ही हात मोकळे होते.

आणि ज्वाला पेटली.

मोठा घोंघावणारा आवाज झाला आणि सगळा फुगा आतून उजळला, अगदी त्या कॅलेंडरसारखा. मैदानातल्या सगळ्यांचे चेहरे पिवळे झाले. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी हात जोडले होते. डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. उजेड त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर पडला होता.

मी त्यांना हाक मारायला हवी होती का, ते मला अजून ठरवता येत नाही. देवासमोर उभ्या असलेल्या माणसाला कोणी हाक मारत नाही.

लोकांनी आरडाओरडा केला, शिट्ट्या मारल्या. ज्वाला विझली. वाऱ्याचा झोत आला, फुगा एका अंगाला कलला. चार-पाच जण दोऱ्या ओढत धावले, आणि वरून हवा सुटून तो हळूहळू जमिनीवर आडवा झाला. काकांनी डोळे उघडले.

"झालं?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी कॅमेऱ्याला टोपण लावलं, पिशवीत घातला, विटांचे तुकडे उचलून जिथून आणले होते तिथे नेऊन ठेवले. आम्ही ऑटोनं स्टँडवर आलो. अकोल्याच्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून मागे वळले आणि म्हणाले, "आज तं मले कोणी अडवलं नव्हतं. होतं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. गाडी सुटली.

दोन दिवसांनी मी अकोल्याला परत आले, तेव्हा काकूंनी स्वयंपाकघरात तूर निवडता निवडता मला बाकीचं सांगितलं. त्या संध्याकाळी विजयकाका आलेच नाहीत. परीक्षेचे दिवस, दुकानात पोरांची गर्दी, त्यांच्या लक्षातून गेलं. काकूंनी फोन केले, ते उचलले गेले नाहीत. मंडपात नेहमीच्या तीन-चार म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या. अंधारून यायला लागलं. गुरुजी फक्त सुतकात येत, एरवी दिवा घरच्या हातानंच लागला पाहिजे, असं सासऱ्यांचं सांगणं होतं. काकूंनी पाय धुतले, वाकल्या, आत गेल्या आणि समई लावली. आरतीचा पहिला शब्द म्हाताऱ्यांतलीच एक जण बोलली.

काका परत आल्यावर काकूंनी त्यांना लगेच सांगितलं. ते रागावतील, असं त्यांना वाटलं होतं. काका खाली बसले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "मग? कसं वाटलं?"

"मी म्हटलं, हात जोडायचं सुचलंच नाही," काकू मला सांगत होत्या. "पाहतच राहिले गं. ओठांवर हसू आहे रामाच्या. यांच्या फोटोत पाहिलं होतं, पण फोटोत कळत नाही. उंबऱ्यावरून तर दिसतच नाही."

त्यांनी तुरीतला खडा काढून बाजूला टाकला. दुसऱ्या दिवसापासून सगळं पूर्वीसारखं झालं. काका आत, काकू उंबऱ्याशी. म्हाताऱ्यांनी बाहेर कोणाला सांगितलं नाही, पण काकूंना पुन्हा आत जा असंही कोणी म्हटलं नाही. काकांनीही नाही. मला ते तेव्हा खटकलं आणि आजही खटकतं.

एक गोष्ट मात्र बदलली होती, ती आधी अंजनगावच्या लक्षात आली. दिवा लावल्यावर काका हात जोडायचे, पण डोळे मिटत नव्हते. म्हाताऱ्यांमध्ये कुजबुज झाली की महाराज आजकाल टक लावून पाहून राहिले, तब्येत बरी आहे ना. मी एका दुपारी धीर करून त्यांना विचारलं. ते कॅमेऱ्याची काच पुसत होते.

"हात तं जुळतातच," ते म्हणाले. "ते आता माझं ऐकणार नाहीत. डोळे ऐकतात का पाहून राहिलो."

निकाल लागल्यावर मला अमरावतीला एम.ए.ला प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी बाबांना यायला उशीर झाला, त्यामुळे निरोप घ्यायला गेले तेव्हा सांजवातीची वेळ होती. काका सोवळ्यात होते. त्यांच्या पायाला हात लावता येईना, म्हणून मी लांबूनच नमस्कार केला. काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली.

"कुठी चालली?" काकांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"अमरावती."

मला वाटलं, आता पुढचं नेहमीचं येईल, गाडीतून उतरता येत नाही ते. त्यांनी डोळे बारीक केले, मनाशी काहीतरी मांडलं.

"अमरावती," ते म्हणाले. "जाता येते."

मग ते वाकून आत गेले. काकू उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. खुंटीवर मांजरपाटाची पिशवी होती. आतमध्ये वात लागली, आणि मंडपातल्या सगळ्यांचे हात जुळले, सगळ्यांचे डोळे मिटले. मी उघडे ठेवले. काकांनी कापूर पेटवला. ज्योत एकदम उंच झाली, धूर सरळ त्यांच्या चेहऱ्यावर गेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यांनी पापणी लवू दिली नाही.

बाहेर बाबा हाक मारत होते. मी निघाले तेव्हा काका ज्योतीकडेच पाहत होते.